विकिस्रोत: चौदा माणसं, एकोणीस फर्मे

मी आयुष्यभर प्रूफं वाचली. खिळे जुळवणारे कंपोझिटर होते तेव्हापासून, पानं संगणकावर लागायला लागली तोपर्यंत. त्यामुळे विकिस्रोताबद्दल लिहिताना माझी नजर जरा तिरकी असणार, हे आधीच सांगून टाकते. ज्ञान सर्वांसाठी खुलं वगैरे गोष्टी चांगल्याच आहेत, पण मला पाहायचं होतं ते वेगळंच. एक जुनं पुस्तक आहे, ते तपासायला मी धरून चौदा हौशी माणसं आहेत, कुणाला पैसे मिळणार नाहीत आणि बहुतेकांनी एकमेकांचं तोंडही पाहिलेलं नाही. अशा मंडळींकडून इथे पुस्तक उतरतं का? आणि उतरेपर्यंत माणसं टिकतात का?

पुस्तक उतरतं. माणसांचं सांगायला जरा वेळ लागेल.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: विकिस्रोत हे विकिपीडियाचं सख्खं भावंड. २४ नोव्हेंबर २००३ ला सुरू झालं. सुरुवातीला त्याचं नाव 'प्रोजेक्ट सोर्सबर्ग' असं होतं, मोफत ई-पुस्तकांच्या 'प्रोजेक्ट गुटेनबर्ग'वर केलेली कोटी. 'बर्ग' म्हटलं की आइसबर्ग आठवतो, म्हणूनच त्याच्या बोधचिन्हात अजून हिमनग आहे. नाव बदललं, कोटी गेली, बर्फ तेवढा राहिला. विकिपीडियावर लोक लेख लिहितात, इथे छापून झालेली पुस्तकं जशीच्या तशी टंकून ठेवतात. पुस्तक स्वामित्वहक्कातून मोकळं झालेलं हवं. भारतीय कायद्याप्रमाणे लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं थांबावं लागतं. आमच्यातल्या दोघांना आपापल्या आजोबांच्या कविता चढवायच्या होत्या, त्यांना हे समजावून सांगणं हे माझं पहिलं अप्रिय काम.

आम्ही निवडलं ते एक प्रवासवर्णन. छापील पानं ३०४. सोळा पानांचा एक फर्मा धरला तर बरोबर एकोणीस फर्मे. फर्म्याचा हिशेब ही माझी जुनी खोड, पण या कामात ती फार उपयोगी पडली. "तू काही पानं घे" असं म्हटलं तर माणूस कधी घेत नाही. "बारावा फर्मा तुझा" म्हटलं की तो त्याचा होतो. ऑनलाइन मंडळ चालवणाऱ्या कुणालाही मी हेच सांगेन: काम ढिगाने दाखवू नका, वाटे घालून द्या.

याआधी आम्ही हाच उद्योग एका सामायिक दस्तऐवजात करून पाहिला होता. सगळे एकाच फायलीत टंकत होते. तपासलेला मजकूर हिरवा करायचा असं ठरलेलं. तीन आठवड्यांनी निम्मं पुस्तक हिरवं झालं आणि त्यातलं खरंच कोणी वाचलंय नि कोणी नुसताच रंग दिलाय, हे मलाही सांगता येईना. त्यातच एकाच्या हातून अख्खं प्रकरण खोडलं गेलं. त्या बिचाऱ्याला ते दुसऱ्या दिवशी कळलं. चूक त्याची नव्हती, व्यवस्था माझी होती.

विकिस्रोतावर प्रत्येक छापील पानाचं स्वतंत्र पान असतं. संपादनाला उघडलं की एका बाजूला मजकुराची चौकट आणि शेजारी त्याच पानाचं स्कॅन. मूळ प्रत आणि प्रूफ शेजारी शेजारी ठेवून वाचायचं, हेच तर मी जन्मभर केलं. फरक इतकाच की इथे बोटाला शाई लागत नाही. यंत्राकडून मजकूर ओळखून घ्यायचं बटणही तिथेच असतं. पण यंत्र देवनागरी वाचतं ते चष्मा विसरून आलेल्या माणसासारखं. घ चा ध, भ चा म, ख चा रव. जुन्या छपाईत खिळा झिजलेला असेल तर विचारूच नका.

मग रंग. पान लाल असेल तर अजून वाचलेलं नाही. एकाने स्कॅनशी ताडून वाचलं की पिवळं. दुसऱ्याने पुन्हा वाचलं की हिरवं. काही अडचण असेल तर जांभळं, कोरं पान असेल तर राखाडी. आणि यातला सगळ्यात शहाणा नियम हा, की ज्याने पान पिवळं केलं त्याला तेच पान हिरवं करता येत नाही. विनंती नाही, सूचना नाही, त्याच्यासमोर तो पर्यायच येत नाही. रंग बदलायला खातंही उघडलेलं लागतं, म्हणजे प्रत्येक पिवळ्यामागे आणि प्रत्येक हिरव्यामागे एक माणूस असतो. आपली चूक आपल्याला दिसत नाही, हे छापखान्यातलं पोरसुद्धा जाणतं. पण हौशी मंडळींना हे तोंडाने सांगायला गेलं की त्यांना वाटतं आपल्यावर अविश्वास दाखवला. इथे ते मला सांगावंच लागलं नाही. नियम मांडणीतच आहे, त्यामुळे वाईटपणा कुणाकडे येत नाही. एवढ्या एका गोष्टीसाठी मी या सेवेला पाचपैकी साडेचार देईन. उरलेला अर्धा का कापला तेही सांगते.

आता ते दऱ्यांचं प्रकरण. आमचा लेखक डोंगरातून उतरतो आहे. मूळ छपाईत शब्द आहे 'दऱ्या'. यंत्राने वाचला 'दर्या'. एक रेघ चुकली आणि गृहस्थ भर डोंगरात समुद्रात उतरला. आमच्यातली एक मुलगी, रात्रपाळी करून पहाटे घरी आल्यावर दोन पानं वाचून झोपणारी, तिने ते पकडलं. इथवर नेहमीचंच. पण ती तिथे थांबली नाही. दुसऱ्या दिवशी तिचा निरोप: "काकू, मी 'दऱ्या' शोधलं तर पुस्तकात सात ठिकाणी सापडतंय, पण मला डोळ्यांनी अकरा दिसतायत."

मला वाटलं पोरगी झोपेत आहे. ती बरोबर होती. हा आडवा 'र' दोन तऱ्हांनी टंकता येतो. एक म्हणजे नुक्ता असलेला ऱ घेऊन त्याचा पाय मोडायचा. दुसरी म्हणजे साधा र, हलन्त आणि त्यामागे एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही अगदी जुळी भावंडं. डोळ्याला फरक कळणार नाही, पण शोधणाऱ्या यंत्राला ते दोन वेगळे शब्द. आमच्यातले काही जण एका कळफलकावर टंकत होते, काही दुसऱ्यावर. म्हणजे पुस्तक दिसायला निर्दोष आणि आतून दुभंगलेलं. चाळीस वर्षांत मी हजारो पानं वाचली असतील, पण न दिसणारी चूक हा प्रकार मला नवा होता. ती एका बावीस-तेवीस वर्षांच्या मुलीने पहाटे साडेपाचला शोधली.

तिचं कौतुक कसं करायचं? हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही, आणि या परीक्षणाचा अर्धा मजकूर त्यावरच आहे.

विकिस्रोतावर कौतुकाची साधनं आहेत. पानाच्या इतिहासात प्रत्येक बदलाशेजारी धन्यवादाचा दुवा असतो. विकिपीडियावर ही सोय २०१३ पासून आहे, ती सगळ्या भावंडांकडे आली. दाबलं की त्या माणसाला कळतं, अमुक बदलाबद्दल अमक्याने आभार मानले. एकदा मानलेले आभार मागे घेता येत नाहीत, हे मला विशेष आवडलं. सार्वजनिक नोंदीत कोणी कोणाचे आभार मानले एवढंच दिसतं, कशाबद्दल ते दिसत नाही. ते त्या दोघांतच राहतं.

दुसरं साधन म्हणजे बार्नस्टार, सदस्याच्या चर्चापानावर डकवायची चांदणी. विकिपीडियावर ही प्रथा २००३ च्या डिसेंबरपासूनची. मी उत्साहाच्या भरात पहिल्याच महिन्यात चौदाच्या चौदा जणांना एकेक चांदणी लावली, स्वतःलासुद्धा. सब घोडे बारा टक्के. कुणी काही बोललं नाही, आणि तेच वाईट. ज्याने तीस पानं घासून पुसून वाचली त्याला आणि ज्याने अजून खातंच नीट उघडलं नव्हतं त्यालाही तीच चांदणी. नंतरच्या तीन महिन्यांत मी एकही लावली नाही.

मग त्याहून मोठी चूक केली. दर आठवड्याला कोणी किती पानं केली याचा तक्ता लावायला लागले. आकडे काढणं इथे सोपं आहे, प्रत्येकाचं योगदान उघड्यावर असतं. पहिल्या तक्त्यानंतर पानं धडाधड पिवळी झाली. दुसऱ्यानंतर आणखी. तिसऱ्या आठवड्यात मी सहज एक पिवळं पान उघडलं तर त्यात पहिल्याच ओळीत 'धर' होतं, 'घर' नाही. तीन पानं पुढे पुन्हा तेच. पानं वाचली जात नव्हती, उरकली जात होती. आणि आमच्यातल्या एक निवृत्त शिक्षिका, ज्या एका पानाला चाळीस मिनिटं घेत, तळटीपांतला प्रत्येक श्लोक ताडून पाहत, त्या गप्प झाल्या. तक्त्यात त्या सगळ्यात खाली होत्या. मी फोन केला तर म्हणाल्या, "अहो, माझ्याच्याने तुमचा वेग खाली येतोय, मी थांबते." मला शरमल्यासारखं झालं. त्यांच्या नवव्या फर्म्यात हिरवं करणाऱ्याला एकही चूक सापडली नव्हती. सोळा पानांत शून्य. पण शून्य हा आकडा माझ्या तक्त्यात कुठेच बसत नव्हता.

तक्ता काढून टाकला. त्याजागी रविवारी एक छोटा निरोप पाठवायला लागले, शीर्षक 'या आठवड्यात काय सापडलं'. त्यात आकडे नाहीत. कोणी 'दर्या'तून लेखकाला बाहेर काढलं. कोणाला एका वाक्यात दोनदा आलेलं 'व' दिसलं. नववा फर्मा हिरवा करताना काही सापडलं नाही, आणि ते कोणामुळे. हे लिहायला मला दर आठवड्याला दीड तास लागे, कारण प्रत्येकाच्या पानांचे इतिहास उघडून बघावे लागत. तो इतिहास ही विकिस्रोताची खरी श्रीमंती. जुना मजकूर आणि नवा मजकूर समोरासमोर येतो, बदललेलं अक्षर ठळक होऊन दिसतं. एखाद्याने वीस मिनिटं घालवून एक अनुस्वार हलवला असेल तर तो अनुस्वार तिथे कायमचा दिसतो. छापखान्यात आमच्या खुणांची प्रूफं रद्दीत जात.

अनुस्वारावरून आठवलं. पुस्तक १९६२ च्या शुद्धलेखन नियमांच्या कितीतरी आधीचं. म्हणजे 'कांहीं', 'नाहीं', 'होतें', 'घरीं'. आमच्यात एक बारावीचा मुलगा होता, अत्यंत तल्लख आणि घाईचा. त्याने एका रात्रीत बावीस पानं 'सुधारली'. सगळे अनुस्वार उडवून मजकूर आजच्या नियमात आणून ठेवला. विकिस्रोताचा दंडक असा की मूळ छापलंय तसंच ठेवायचं, अगदी मुद्रणदोषासकट. मला ते बावीस बदल एकेक दाबून उलटवता आले असते. पण उलटवलं की समोरच्याला लगेच सूचना जाते, तुमचा बदल उलटवला गेला. सकाळी उठून त्या पोराने अशा बावीस सूचना वाचल्या असत्या. मग तो तेविसावं पान कशाला उघडतोय?

फोन केला. म्हटलं, "बावीस पानं एका बैठकीत! झोपलास की नाही?" मग हळूच विचारलं, 'होतें' वरचा तो ठिपका का दिला असेल? म्हणाला, जुनी पद्धत. म्हटलं, जुनी खरी, पण कारण आहे. शब्द नपुंसकलिंगी आहे हे सांगणारा तो ठिपका. 'घरीं' वरचा ठिपका सप्तमीचा. नाकातला उच्चार कधीच गेला, खूण मागे राहिली. पलीकडे बराच वेळ शांतता. मग, "काकू, म्हणजे मी पुरावा पुसला?" स्वतःच बसून त्याने बावीसही पानं पूर्ववत केली. पुढे पुढे तर अनुस्वार सुटलेला दिसला की आमच्या गटात पहिला आवाज त्याचाच. एकदा त्याने माझी चूक काढली, 'त्यांनीं' वरचा शेवटचा ठिपका मी खाल्ला होता. मी त्याचे तिथल्या तिथे धन्यवाद दाबले. रागाने नाही हो, खरोखर.

आता कापलेला अर्धा गुण.

हे ठिकाण मोठ्या पडद्यासाठी आहे. स्कॅन आणि मजकूर शेजारी शेजारी ठेवून वाचायचं म्हणजे जागा लागते, मोबाइलवर ती असणार कुठून? आमच्यातल्या तिघांकडे फक्त मोबाइल होता. त्यांना मी वेगळं काम दिलं: हिरवी झालेली पानं नुसती वाचायची आणि खटकलं तर गटात सांगायचं. त्यांनी सांगितलेल्या जागा मी दुरुस्त करायची. सोय झाली, पण मग त्या दुरुस्त्यांवर नाव माझं पडायला लागलं. शेवटी बदलाच्या सारांशात "अमुक यांच्या नजरेस आलं" असं लिहायची सवय लावून घेतली. सारांशाची ती छोटी चौकट लोक रिकामी सोडतात. सोडू नका.

साचे, म्हणजे मजकूर मध्यभागी आणायचा, अक्षर मोठं करायचं, श्लोक मांडायचा तर महिरपी कंसांत लिहायच्या आज्ञा, हे नवख्याला पहिल्या दिवशी दाखवू नये. मी दाखवले. दोन माणसं त्याच दिवशी पांगली. ती परत आली नाहीत. आता करायचं झालं तर पहिले चार आठवडे फक्त अक्षरं तपासा म्हणेन, सजावट मागाहून एखाद्याने करावी.

दोघांनी एकच पान एकाच वेळी उघडलं तर मागून जतन करणाऱ्याला अडवून सांगितलं जातं की मधल्या काळात बदल झालाय. कामाच्या दृष्टीने योग्यच, पण वीस मिनिटांची मेहनत हातात घेऊन उभ्या राहिलेल्या माणसाला ते तसं वाटत नाही. फर्मे वाटून दिल्यावर हा प्रकार बंद झाला. आणि स्कॅनचा पानक्रमांक वेगळा, छापील वेगळा, हा घोळ पहिल्याच दिवशी अनुक्रमणिकेत लावून घ्या, नाहीतर "पान १८७" म्हणजे नक्की कोणतं यावर तुमचे रविवार जातील.

१८७ चं नाव निघालंच आहे तर. छापील १८७ व्या पानावर स्कॅन करणाऱ्याचा अंगठा आला होता, तीन ओळी त्याखाली. पान जांभळं करून ठेवलं. पुस्तक ३०३ पानं पूर्ण आणि एक जांभळं, असं पंचवीस दिवस राहिलं. आमच्यात एक गृहस्थ होते, गटात कधी अक्षर लिहिलं नाही, पिवळंही फारसं केलं नाही, नुसते हिरव्याचे मानकरी. एके दिवशी त्यांचा पहिला निरोप आला: फोटो, त्याच पुस्तकाच्या दुसऱ्या एका प्रतीचं पान १८७, अंगठ्याविना. खाली एकच ओळ, "चालेल का?" कुठून, कसं, किती हिंडले, काही नाही. पुढे विचारलं तरी सांगितलं नाही.

पुस्तक पुरं झालं तेव्हा एक गोष्ट मला खटकली. सुट्या पानांतून सलग पुस्तक बांधायचं काम मी केलं होतं. त्यामुळे वाचकासमोर येणाऱ्या त्या अंतिम पानांचा इतिहास उघडला की नाव माझं एकटीचं. सगळ्यांची चार महिन्यांची मेहनत ३०४ सुट्या पानांच्या पोटात, आणि दारावर पाटी माझी. मी चर्चापानावर सगळ्यांची नावं लिहिली, पण चर्चापान कोण उघडतो?

मग त्या पहाटेवाल्या मुलीने पुस्तक ईपब, म्हणजे ई-पुस्तकाची फाइल, करून उतरवून घेतलं आणि शेवटचं पान उघडून मला चित्र पाठवलं. पुस्तक असं उतरवलं की त्याच्या शेवटी या डिजिटल आवृत्तीबद्दल एक पान जोडलेलं येतं. त्यात, ज्यांनी ज्यांनी त्या पानांना हात लावला त्या सगळ्यांची सदस्यनावं, ओळीने. किती पानं, किती वेळ, काही नाही. एक स्वल्पविराम हलवलेल्याचंही नाव त्याच टाइपात, चार फर्मे वाचलेल्याचंही. मी चाळीस वर्षं पुस्तकं तपासली, माझं नाव एकाही पुस्तकात आलं नाही. मुद्रकाचं येतं, बांधणी करणाऱ्याचं येतं, प्रूफं वाचणाऱ्याचं येत नाही.

म्हणून चष्मा पुसून मी ती यादी अक्षर अक्षर वाचली. पानांना हात लावलेले सगळे होते. अंगठेवाल्या पानाचे गृहस्थ होते, बावीस पानांचा मुलगा होता, शिक्षिका होत्या. माझंही होतं: 'प्रुफवाली'. रु ऱ्हस्व. खातं उघडताना पहिल्याच दिवशी मी चुकीचं टंकलं होतं आणि चार महिने ते प्रत्येक पानावर मिरवत होते.

मी गटात लिहिलं, "अरे, कुणालाच दिसलं नाही?"

बारावीच्या मुलाचं उत्तर लगेच आलं. "काकू, सगळ्यांना पहिल्याच दिवशी दिसलं होतं. पण मूळ छापलंय तसं ठेवायचं, असं तुम्हीच सांगितलंत."